माहेरचं दफ्तर

आमच्या घराण्याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा एका तांब्याच्या बुडाला आहे.

तांब्या पितळेचा, एका अंगाने चेपलेला. उलटा धरला की ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं दिसतात. आजीच्या सासूचं नाव, पुढे तिच्या नवऱ्याचं, मग गावाचं, आणि तेही जागा संपल्यामुळे अर्धंच. आडनाव नाही, साल नाही. हे नाव काही हौसेनं घातलेलं नाही. गावात लग्न निघालं की घरोघरची भांडी एका मांडवात जमायची आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला ओळखून परत न्यावी लागायची. म्हणून नाव. जिचं नाव जमिनीच्या कागदावर कधी लागलं नाही, स्वतंत्र भारताची पहिली मतदार यादी निघाली तेव्हा जी हयात नव्हती, ती बाई तांब्या हरवू नये एवढ्या कारणासाठी आम्हाला नावानिशी उरली.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. हे सगळं गोळा करायला लागले तेव्हा घरच्यांनी एकच अट घातली होती: लिही काय लिहायचं ते, पण माणसांची नावं चव्हाट्यावर नकोत. अट मला पटली. तेव्हा इथे आबा म्हणजे माझे आजोबा, नाना म्हणजे वडील, तात्या म्हणजे थोरले चुलते आणि आत्ती म्हणजे आत्ती. एवढ्यावर भागतं.

सुरुवात झाली ती लालबागची खोली रिकामी करताना. चाळ पुनर्विकासाला गेली, पंधरा दिवसांची मुदत मिळाली. बारा बाय दहाची खोली, वर लाकडी पोटमाळा, आणि त्या पोटमाळ्यावर तीन पिढ्यांनी ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून चढवलेलं सामान. चुलतभावाने, म्हणजे दादाने, रद्दीवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. मी वर चढले ती हंडे-कळश्या खाली द्यायला. हाताला लागली एक वाकवलेली तार. तळाला लाकडाची चकती, वर आकडा, आणि मध्ये वीतभर जाडीचे कागद ओवलेले: विजेची बिलं, भाड्याच्या पावत्या, रॉकेलच्या पावत्या, सोसायटीतून धान्य घेतल्याच्या चिठ्ठ्या. सगळ्यात खाली, तारेने भोक मोठं होऊन फाटायला आलेली, मनिऑर्डरची कुपनं.

मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिंचोळी पट्टी असायची, पाठवणाऱ्याने दोन शब्द लिहायला. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, अंगठा किंवा सही घ्यायचा आणि ती पट्टी फाडून हातात ठेवायचा. आबांनी मुंबईहून गावी आजीला पाठवलेल्या पैशांच्या या पट्ट्या. आजीला वाचता येत नव्हतं. ती त्या शाळामास्तरांकडून वाचून घ्यायची आणि तारेला लावायची. गाव सुटलं तेव्हा ती तारही बरोबर निघाली, आणि पुढे आजी मुंबईला आली तेव्हा मुंबईला. मजकूर जवळजवळ सगळीकडे एकच: ‘येथील सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळवणे. पोरांस जपणे. पावसाआधी कौले चाळून घेणे.’ एका पट्टीवर मात्र नुसतं ‘रागावू नये’. कशाबद्दल, ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

मी रद्दीवाल्याला परत पाठवलं. दादा म्हणाला, “अगं, याचं काय लोणचं घालणार आहेस?” आणि चहा प्यायला खाली निघून गेला.

घराण्याचा इतिहास म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जाडजूड पुठ्ठ्याचा कुलवृत्तांत येतो. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, शाखा, उपशाखा, मध्येच पेशवाईतली सनद, शेवटी घड्या घातलेली वंशावळ. किंवा डोळ्यांपुढे येतात इतिहासाचार्य राजवाडे, जुन्या वाड्यांचे उंबरे झिजवणारे, माळ्यावरचे कागदांचे रुमाल सोडवून बघणारे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला आणि १९१०मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ही सगळी दफ्तरं वतनदारांची, सरदारांची, सावकारांची. ज्यांच्याकडे राखण्यासारखं काही होतं त्यांनी ते राखल्याचे कागद राखले. आमच्या दारात कोणी संशोधक आला असता तर त्याला घोंगडी, जातं आणि तो तांब्या दिसला असता. मी हे कुरकुरीच्या सुरात लिहीत नाही. उलट तारेचे कागद सोडवता सोडवता माझ्या ध्यानात आलं की आमच्याकडेही कागद जिवापाड जपले जात होते, फक्त कारण वेगळं होतं. आमच्या घरात कागद ठेवला जायचा तो उद्या खिडकीपलीकडचा कारकून मागेल म्हणून.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. जावळीच्या खोऱ्यातली किती तरी गावं धरणासाठी उठली, त्यांतलंच एक. धरण पुरं होऊन शिवसागर भरेपर्यंत माणसं ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी जिथे जमीन दाखवतील तिथे पांगली. पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला १९७६ साली, म्हणजे आमची माणसं हलल्यावर कितीतरी वर्षांनी. त्यामुळे आपण अमुक गावचे होतो आणि ते गाव खरोखर होतं, हे कागदाने दाखवत राहणं ही घरातली एक नोकरीच होऊन बसली. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल, मोबदल्याची नोटीस, धरणग्रस्त असल्याचा दाखला, त्या दाखल्याची खरी नक्कल, नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. एकाच दाखल्याच्या अकरा प्रती मला सापडल्या. आधी मी त्यांतल्या दहा बाजूला काढल्या होत्या. मग पाहिलं तर प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ही कोणाच्या नोकरीच्या अर्जाला, ही कोणाच्या कॉलेजच्या प्रवेशाला, ही कोणाच्या जमिनीच्या दाव्याला. दहाही परत आत ठेवल्या.

कागदांना तारखा नसतात ही पहिली अडचण. असल्या तर ‘आषाढ वद्य ४, मंगळवार’ एवढ्याच. साल लिहायची गरज कोणाला वाटायची नाही, कारण पत्र वाचणाऱ्याला चालू साल माहीत असे. पण पत्ते मदतीला आले. ‘जि. उत्तर सातारा’ लिहिलंय म्हणजे पत्र १९४९ ते १९६० मधलं. त्याच काळात सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होते, दक्षिण म्हणजे आजची सांगली. ‘मुंबई १२’ असेल तर पिनकोडाआधीचं, ‘मुंबई ४०० ०१२’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. (नंतरचं म्हणजे बरंच नंतरचं. आबांनी १९८०पर्यंत ‘मुंबई १२’च लिहिलं आणि पत्रं पोचत राहिली.) हिशेबात ‘न. पै.’ आलं की १९५७ ते १९६४, कारण नवे पैसे तेवढीच सात वर्षं नवे होते. नव्या गावठाणातून आलेल्या पत्रांवर ‘जि. कुलाबा’ आहे तोवर १९८१च्या आतलं. पुढे कुलाब्याचं रायगड झालं. एकदा हा नाद लागला की सुटत नाही. रात्री अकराला मी नवऱ्याला उठवून सांगितलंय, “अरे, हे पत्र भूकंपाआधीचं आहे.” भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, कोयनेचा. आमच्या घरात कालगणनेचे दोनच शक: भूकंपाआधी आणि भूकंपानंतर. तिसरा पुढे गिरण्यांच्या संपाने सुरू झाला.

पुस्तकं म्हणाल तर खोलीत मोजून एकतीस निघाली. त्यांत दहा-बारा शाळेची. एक कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयाचं, शिक्क्यासकट, ‘या तारखेस परत करावे’च्या रकान्यात १९७४मधली शेवटची तारीख. दंड किती झाला असेल याचा हिशेब दादाने मोबाइलवर मांडून बघितला आणि मग ते पुस्तक मुकाट्याने माझ्या पिशवीत टाकलं. बाकी हरिपाठ, काकडआरती, भजनी मंडळाची हस्तलिखित वही. आणि शिवलीलामृत.

ही पोथी आबांची. वाचनाला एकच अध्याय, अकरावा. त्याची पानं तेलकट आणि मऊ झालेली, बाकीची कोरी करकरीत. पण आबांनी पोथीचा उपयोग आणखी एका कामासाठी केला होता. शेवटी बांधणीवाल्याने दोन कोरी पानं सोडली होती. त्यांवर बोरूने, नंतर टाकाने, मग शाईच्या पेनाने आणि अखेरीस निळ्या बॉलपेनाने घरातल्या जन्मांच्या नोंदी आहेत. ‘मुलगा झाला. सोमवार. दिवस उगवायला.’ ‘मुलगी झाली. गुरुवार. पाऊस फार.’ मुलग्यांच्या नोंदीपुढे नाव भरलेलं दिसतं. मुलींच्या पुढे बहुतेक ठिकाणी जागा सोडलेली आहे, नाव नाही. अपवाद एकच. १९७३च्या एका नोंदीपुढे मुलीचं नाव आहे, आणि अक्षर आबांचं नाही, नानांचं आहे. ती मी.

पोथी स्कॅन करताना हे पहिल्यांदा दिसलं. त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

बायका कागदावर सापडत नाहीत, म्हणून त्यांना दुसरीकडे शोधायची सवय लावून घेतली. भांड्यांवर त्या आहेतच. रुखवतातल्या डब्यांवर ‘चि. सौ. कां.’, वर्षश्राद्धाला वाटलेल्या ताटांवर ‘कै.’ आणि ‘स्मरणार्थ’. एका बाईचं अख्खं आयुष्य स्टीलच्या दोन वस्तूंमध्ये बसतं. मी भांड्यांच्या बुडांचे फोटो काढत फिरते तेव्हा नातेवाईक बायका आधी हसतात आणि मग स्वतःहून फडताळातून एकेक काढून आणतात. लग्नपत्रिकाही उपयोगाच्या. वंशावळीत जे नाही ते पत्रिकेत असतं: कोणाची लेक कुठे दिली, कोणाच्या मामांना मान दिला, कोणाला ‘कार्यवाहक’मध्ये ढकललं. १९८६च्या एका पत्रिकेत तात्यांचं नाव ‘आपले नम्र’मध्ये नाही. छपाईची चूक असं सांगण्यात आलं होतं. मी तेरा वर्षांची होते, मलाही ते खरं वाटलं नव्हतं.

आजीच्या आवाजाची एक कॅसेट आहे. आत्तीने १९८९च्या सुमाराला, भजनाच्या कॅसेटच्या मागच्या बाजूला भरून घेतलेली. आजी जातं नसताना दळणाच्या ओव्या म्हणते आहे, त्यामुळे मध्येच थबकते. हाताला फेरा नाही तर शब्द निघत नाहीत म्हणते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या कामाबद्दल वाचलं नसतं तर मीही ही कॅसेट ‘आवाज खराब’ म्हणून बाजूला टाकली असती. आजीच्या ओव्यांत गावच्या पाणवठ्यांची नावं आहेत. सरकारी कागदात सर्व्हे नंबर आहेत, क्षेत्र आहे, आकार आहे. झऱ्याला काय म्हणत ते नाही. ते फक्त या चाळीस मिनिटांत आहे. एप्रिल-मे महिन्यात शिवसागराचं पाणी उतरलं की जुन्या वहिवाटा उघड्या पडतात, तेव्हा एकदा आत्तीला घेऊन गेले होते. कॅसेट मोबाइलवर लावून ती चिखलात उभी होती आणि एकेक ओवी संपली की हाताने दिशा दाखवत होती.

२०२३च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तशी तालुक्याच्या कचेरीतली जुनी दफ्तरं हलली. कोतवाल बुकं, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीचा जुना गाव नमुना चौदा, कपाटातून टेबलावर आली. त्यांतलं बरंच मोडीत, आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी जावयासारखा भाव आला. मी तोपर्यंत पुराभिलेख खात्याचा दहा दिवसांचा मोडीचा वर्ग करून चुकले होते, म्हणून भावकीने मला पुढे घातलं. इतकी वर्षं ‘लेकीच्या घरी कशाला माहेरचं दफ्तर’ म्हणणारे गाडी घेऊन डोंबिवलीला न्यायला आले. मोडी दहा दिवसांत येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. अक्षर ओळखता येतं, पण लिहिणाऱ्याचा हात ओळखायला महिने जातात. लेखणी न उचलता लिहिलेल्या ओळीत शब्द कुठे तुटतो हे अंदाजाने ठरवायचं. तीन दिवस बसून आमच्या पणजोबांच्या पाच मुलांच्या जन्माच्या नोंदी काढल्या. पोथीत आणि घरच्या तोंडी वंशावळीत चारच होती. पाचवी मुलगी. नोंदीत बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगी’. दोन पानांनंतर तीच मृत्यूच्या रकान्यात. सोबत आलेला भाऊबंद म्हणाला, “आपल्याला जातीपुरतं पायजे, हे सोड.” त्याच्यापुरतं त्याचं बरोबर होतं. मी वहीत उतरवून घेतलं.

मृत्यूच्या बाबतीत आमच्या संग्रहाला एक कायमचं भगदाड आहे. वाईट बातमीचं कार्ड घरात आणायचं नाही, दारातच वाचायचं आणि फाडून टाकायचं, असा आमच्याकडे दंडक. त्यामुळे खुशालीची शेकडो पत्रं आहेत आणि मरणाचं एकही नाही. पत्रव्यवहार वाचत गेलं तर आमच्या घरात कोणी मेलंच नाही. माणसं नुसती पत्रं लिहायची थांबली.

जपणुकीचं म्हणाल तर मी शिकले ते नुकसान करून. ‘रागावू नये’वाली पट्टी मी नाक्यावर नेऊन लॅमिनेट करून आणली. तिला काही होऊ नये म्हणून सगळ्यांत आधी तिलाच. गरम रूळाखालून ती बाहेर आली तेव्हा शाई जांभळी होऊन पसरली होती, आणि प्लास्टिक आता कागद फाडल्याशिवाय निघत नाही. दुकानदाराचा दोष नाही, मीच दिली. तेव्हापासून लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, रबरबँड नाही. रबर वितळून कागदाला चिकटतं, टाचणी गंजून भोक पाडते. सगळ्या टाचण्या काढायला एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो दाढीच्या पात्याने नव्हे, दाताला लावायच्या दोऱ्याने सोडवायचे. कागदाला तीनशे डीपीआय, फोटोला सहाशे. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आमची पुण्याला आत्तेबहिणीकडे असते. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड मी अजून घालते. त्याने कसर किती अडते माहीत नाही, पण आजीच्या ट्रंकेचा वास येतो. खरा शत्रू जून ते सप्टेंबर. पावसाळ्यात खोकी भिंतीपासून हातभर लांब आणि फरशीपासून वर, एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं.

आता त्या कागदाकडे यायला हवं. मी मुद्दाम लांबवते आहे, हे कळतंय.

नानांच्या ट्रंकेत त्यांच्या गिरणीच्या नोकरीचे कागद होते: आधी बदली कामगाराचा पास, मग कायम झाल्याचं कार्ड, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या. नाना आणि तात्या एकाच गिरणीत, एकाच साचाखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो विरत विरत गेला आणि गिरण्याही त्याबरोबर विरल्या. हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरातलं मला माहीत होतं ते असं: दोघे भाऊ संपात होते, तात्या कंटाळून नव्या गावठाणात शेती करायला गेले, नाना मुंबईत राहिले.

पगाराच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात एक ऑक्टोबर १९८२ची होती. पुढची नोव्हेंबरची. मग डिसेंबरची.

मी चिठ्ठ्या आत्तीपुढे ठेवल्या. तिने चष्मा लावला नाही. तिला वाचायची गरज नव्हती. “तू आजारी होतीस,” ती म्हणाली. “न्यूमोनिया. घरात दागिना राहिला नव्हता. पोलिसांच्या गाडीतनं जायचा आत, रात्रपाळीला. चाळीत कळलं तसं कुणी बोलंना. तात्यानं तर ट्रंक इथंच टाकली नि गेला.” बराच वेळ ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “फाडून टाक गं. कशाला ठेवतीस?”

फाडता येईना, आणि भावनेशिवायही त्याला एक कारण होतं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले तेव्हा अट होती की कामगार १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर कामावर असला पाहिजे. नानांच्या अर्जाला जोडलेली झेरॉक्स याच ऑक्टोबरच्या चिठ्ठीची होती. म्हणजे नानांना ती कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं त्यांनी ती ठेवली, आणि गरज पडल्यावर चारचौघांच्या रांगेत उभं राहून खिडकीतून आत सरकवली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायला मी बरोबर नव्हते. ऑफिसातून रजा मिळाली नव्हती असं नाही. मी मागितली नव्हती.

नाना गेले त्याला सहा वर्षं झाली. तात्या आहेत, चौऱ्याऐंशीचे. दोघे भाऊ लग्नाकार्यात एका मांडवात असत, एका पंगतीत नसत. संग्रहाची यादी करताना मी या तीन चिठ्ठ्यांचं वेगळं पाकीट केलं, बंद केलं आणि वर पेन्सिलीने लिहिलं: तात्यांच्या हयातीत उघडू नये. मोठमोठ्या अभिलेखागारांतही असे मुदतबंद कागद असतात, हे मी स्वतःला बजावलं. मग त्या पाकिटाबद्दल जाहीरपणे लिहायला बसले, हेही खरं. पण त्याआधी गावठाणात जाऊन तात्यांना विचारलं होतं. त्यांना वाचून दाखवायला सुरुवात केली तर दोन परिच्छेदांतच हात वर केला. “मला म्हायती हाय त्यो आत गेलता. आन का गेलता त्ये बी.” एवढंच. मग भाताचं आवण कसं झालंय ते दाखवायला घेऊन गेले.

यादीत आज चारशे बारा नोंदी आहेत. पेटी क्रमांक सातपुढे मात्र फक्त ‘कुलूपबंद’ लिहिलंय. ती तात्यांची ट्रंक, १९८२ला खोलीत टाकलेली. निळा रंग उडालेला, वर पांढऱ्या अक्षरांत नाव, गाव, तालुका जावळी. नानांनी ती दरवर्षी गणपतीच्या आधी पुसली, पण कुलूप तोडलं नाही. खोली रिकामी करताना दादा, म्हणजे तात्यांचाच मुलगा, हातोडी घेऊन आला होता. त्यालाही मी नको म्हटलं. हलवली की आत काहीतरी जड, धातूचं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात घरंगळतं. भांडं असावं. साच्याचा एखादा धोटाही असेल.

मागच्या महिन्यात तात्यांना फोन केला. चावी आहे का, विचारलं. म्हणाले, “चावी कुठली आता.” मग मागे म्हशीचा आवाज, काकूंचा आवाज, आणि बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. तेवढ्यात म्हणाले, “कुलपात त्याल सोडत जा गं. गंजू दिऊ नगंस.”

दर अमावस्येला दोन थेंब सोडते, शिवणयंत्राचं.